ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) अपग्रेड नेमकं कधी करावं? (विंडोज, मॅक, लिनक्स)

रुजुवात (धागाकर्ता)

‘नवीन व्हर्जन आलंय, करू का?’ हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर सुटासुटा येतो आणि उत्तरं दोनच मिळतात: ‘बिनधास्त करा, काही होत नाही’ किंवा ‘चाललंय ते चालू द्या, हात लावू नका’. समोरच्याच्या मशीनमध्ये काय आहे, हे दोन्ही उत्तरं देणाऱ्यांना माहीत नसतं. म्हणून हा एकत्र धागा. अपग्रेड करावं का, यापेक्षा कधी करावं, यावर बोलू.

आधी एक घोळ निस्तरू. दर महिन्याचं सुरक्षा अपडेट आणि व्हर्जन अपग्रेड या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात ओएस तीच राहते, भोकं बुजवली जातात. दुसऱ्यात खालचा पायाच बदलतो. अपग्रेडच्या धास्तीने लोक सगळीच अपडेट्स बंद करतात आणि तिथेच फसतात. विंडोजमधल्या एका छिद्रातून पसरलेला, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा हल्ला याचं ठळक उदाहरण. त्या छिद्रावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता, हल्ला पसरला १२ मे रोजी. बाधित मशीन्स बहुतांश विंडोज ७ ची होती आणि तेव्हा विंडोज ७ सपोर्टमध्ये होतं. त्यांना नवीन विंडोजची गरज नव्हती, दोन महिने पडून राहिलेलं अपडेट पुरेसं होतं. व्हर्जन थोपवून धरा, सुरक्षा अपडेट थोपवू नका.

आता वेळ ठरवण्याचं. मी दोन तारखा काढायला सांगेन.

पलीकडची तारीख: तुमच्या सध्याच्या व्हर्जनला सुरक्षा अपडेट मिळणं ज्या दिवशी थांबतं, तो दिवस.
अलीकडची तारीख: तुमच्याकडचा सगळ्यात अडेल ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा सॉफ्टवेअर नवीन व्हर्जनवर चालतं, असं त्याच्या निर्मात्याने लेखी सांगितलं, तो दिवस.

अपग्रेड या दोन तारखांच्या मधे करायचं. आणि पलीकडच्या तारखेला अगदी चिकटून नाही, किमान दोन-तीन महिने आधी. कारण काही बिघडून मागे यावं लागलं तर जुनं व्हर्जन तोवर सुरक्षित असायला हवं. शेवटच्या आठवड्यात अपग्रेड करणाऱ्याला परतीची वाट उरत नाही.

पलीकडच्या तारखा अशा:

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना आहे, तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६.
विंडोज ११ होम आणि प्रो: दरवर्षीच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने. २४एच२ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ ला १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला ३६ महिने.
उबुंटू (डेबियन आणि फेडोरासारखंच एक लिनक्स वितरण) एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टचं व्हर्जन: ५ वर्षं. मधली सहामाही व्हर्जन्स: फक्त ९ महिने.
डेबियन: सुमारे ३ वर्षं पूर्ण आणि एलटीएस धरून ५.
फेडोरा: सुमारे १३ महिने.
मॅक: ॲपल अशी तारीख छापत नाही. सुरक्षा अपडेट्स साधारण शेवटच्या तीन व्हर्जन्सना येत राहतात, तेवढ्यावरून अंदाज बांधायचा.

तुमचं व्हर्जन माहीत नसेल तर विंडोजमध्ये रन उघडून ‘विनव्हर’ टाइप करा. ‘विंडोज ११’ एवढं कळून भागत नाही, पुढचं २४एच२ किंवा २५एच२ बघा.

ब्राउझरकडेही लक्ष ठेवा. ओएसचा सपोर्ट संपल्यावरही तो काही काळ साथ देतो आणि मग एक दिवस सोडतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम मात्र २०२३ च्या सुरुवातीपर्यंत येत राहिलं. १०९ हे त्याचं तिथलं शेवटचं व्हर्जन. मधल्या तीन वर्षांत ब्राउझर ताजा आणि त्याच्या खालची ओएस उघडी, अशी अवस्था होती.

निवांत

पलीकडची तारीख समजली. अलीकडची कशी काढायची? प्रिंटरपासून अँटिव्हायरसपर्यंत सगळ्यांच्या साइटवर पहिल्याच दिवशी ‘नवीन विंडोजसाठी तयार’ अशी पट्टी झळकते.

चालकशोधक

पट्टी वाचू नका, व्हर्जन क्रमांक वाचा. ‘विंडोज ११ ला चालतं’ याला फारसा अर्थ नाही, २४एच२ मध्ये बरंच काही आतून बदललं. निर्मात्याच्या सपोर्टच्या पानावर तुमचं मॉडेल, ड्रायव्हरचं व्हर्जन आणि ओएसचं नेमकं व्हर्जन या तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसल्या, तरच तयार समजा.

यादी करताना सगळी सॉफ्टवेअर्स मांडत बसू नका. ऑफिस, ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर यांचं काही अडत नाही. अडतात ती ओएसच्या खोल भागात शिरणारी: अँटिव्हायरस, व्हीपीएन, तिसऱ्या कंपनीचं डिस्क एन्क्रिप्शन, व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर्स, खेळांमधली अँटी-चीट. त्यानंतर जुनी उपकरणं. स्कॅनर, ऑडिओ इंटरफेस, लेबल प्रिंटर, यूएसबी-टू-सीरियल वायर. शेवटी लायसन्स मशीनला किंवा डोंगलला बांधलेली सॉफ्टवेअर्स. यांचं लायसन्स आधी मशीनवरून सोडवून घ्यावं लागतं, नाहीतर अपग्रेडनंतर ती मशीन ‘नवीन’ समजून अडून बसतात.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘ड्रायव्हरक्वेरी’ चालवलं की ड्रायव्हर्सची यादी तारखांसकट येते. ती फाइलमध्ये घ्या. २०१५ च्या आधीची तारीख आणि निर्माता मायक्रोसॉफ्ट नाही, अशा ओळी वेगळ्या काढा (डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हर्सवर २००६ ची तारीख मुद्दाम घातलेली दिसते, तिने बिचकू नका). मग विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’च्या पानावर जाऊन मेमरी इंटेग्रिटी चालू करून बघा. चालू होत नसेल तर कोणता ड्रायव्हर आड येतो त्याचं नाव तिथेच दिसतं. अपग्रेडनंतर त्रास देणारा बहुतेक वेळा तोच.

दुसरं, मायक्रोसॉफ्ट प्रत्येक व्हर्जनसाठी ज्ञात अडचणींचं पान चालवतं, ‘रिलीज हेल्थ’ नावाचं. एखाद्या हार्डवेअरवर गडबड आहे हे कळलं की त्या मशीन्सना अपग्रेड देणंच थांबवलं जातं. याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. ‘सगळ्यांना आलं, मलाच का नाही?’ म्हणून लोक इन्स्टॉलेशन असिस्टंट किंवा आयएसओ (विंडोज टाकण्याची पूर्ण फाइल) उतरवून हाताने करतात. असं करू नका. २४एच२ च्या वेळी वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडींवर निळा पडदा येऊन मशीन कोसळत होतं. या ड्राइव्हना स्वतःची रॅम नसते, त्या संगणकाच्या रॅममधला थोडा भाग मागून घेतात. आधीची विंडोज ६४ एमबी देत होती, २४एच२ ने २०० एमबी देऊ केले आणि ड्राइव्हच्या फर्मवेअरला (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरला) ते पेललं नाही. फर्मवेअरचं अपडेट आल्यावर प्रश्न मिटला. थांबलेल्यांना निळा पडदा बघावा लागला नाही.

निवांत

म्हणजे किती थांबायचं? ठोक आकडा सांगा.

चालकशोधक

विंडोजला दोन ते तीन मासिक अपडेट्स जाऊ द्या. ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे साधारण तीन महिने. मॅकला ‘.१’ नाही तर ‘.२’. उबुंटू एलटीएसला थांबण्याचा विचारही करावा लागत नाही. आधीच्या एलटीएसवरून नव्या एलटीएसवर जाण्याचं आमंत्रण ‘.१’ आल्यावरच मिळतं.

हे थांबणं अंधश्रद्धा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ हे व्हर्जन आलं आणि काही जणांच्या फाइल्स उडाल्याने ते काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. कारण साधं होतं. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ सारखं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, पण जुन्या जागी काही फाइल्स तशाच राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर ‘रिकामी नक्कल’ समजून साफ केलं गेलं. १३ नोव्हेंबरला दुरुस्त व्हर्जन आलं. अशी विचित्र मांडणी चाचणीच्या मशीनवर नसते, लाखो लोकांच्या घरी असते.

थोपवायचं कसं: होम एडिशनला ‘पॉज’ कमाल ५ आठवडे. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीत ‘लक्ष्य फीचर अपडेट’ निवडून २४एच२ असं लिहिलं की मशीन त्याच व्हर्जनवर राहतं आणि मासिक सुरक्षा अपडेट्स येत राहतात. मात्र त्या व्हर्जनची मुदत संपली की हा खुंटा सुटतो, मशीन पुढच्या व्हर्जनकडे सरकतं.

आणि २४एच२ वरून २५एच२ ला जाणाऱ्यांनी एवढी धास्ती घेऊ नये. दोन्हींचा गाभा एकच आहे, २५एच२ हे छोटं पॅकेज आधीच उतरलेल्या गोष्टी चालू करतं. एक रीस्टार्ट, काही मिनिटं. २३एच२ वरून जाणाऱ्यांसाठी मात्र ते पूर्ण अपग्रेडच आहे.

शेवंती

माझा प्रश्न नेमका आहे. विंडोज १० होम, इंटेल आय५ सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. पीसी हेल्थ चेक (विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) ‘नाही’ म्हणतं. घरच्या दुसऱ्या मशीनवर आठव्या पिढीचा आय५ आहे, तिथेही ‘नाही’च. पुढे काय?

रुजुवात

शेवंती, दोन्ही ‘नाहीं’ची कारणं वेगळी आहेत.

आठव्या पिढीचं मशीन विंडोज ११ च्या यादीत बसतं. तिथे टीपीएम (मशीनमधली सुरक्षेची चिप) बंद असेल, किंवा विंडोज जुन्या बायोस पद्धतीने टाकलेली असेल (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर). रनमध्ये ‘टीपीएम.एमएससी’ टाइप करा. ‘सापडलं नाही’ आलं तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय चालू करा. मग ‘एमएसइन्फो३२’ मध्ये ‘बायोस मोड’ बघा. ‘लेगसी’ असेल तर डिस्कवरची पार्टिशन्स एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेली आहेत, ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागतील. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे, फॉरमॅट लागत नाही. क्रम चुकवू नका:

१. पूर्ण डिस्क इमेज (सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या.
२. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन्स तीनपेक्षा जास्त नकोत आणि लॉजिकल एकही नको. असल्यास आधी सोडवा.
३. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ‘सस्पेंड’ करा.
४. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाऊफुलओएस’ हे पर्याय देऊन नुसती तपासणी करा. ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’.
५. लगेच बायोसमध्ये जाऊन बूट मोड ‘यूईएफआय’ (‘लेगसी’च्या जागी आलेली नवी पद्धत) करा. ही पायरी विसरली की मशीन सुरू होत नाही आणि डिस्क गेली असं वाटतं. ती गेलेली नसते.

सहाव्या पिढीचं मशीन यादीतच नाही. टीपीएम चालू करून तिथे उपयोग नाही. त्याला तीन वाटा. पहिली, वाढीव सुरक्षा अपडेट्स. त्यासाठी विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंग्जच्या अपडेट पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. यात सुरक्षा सोडून काही मिळत नाही, म्हणजे जाहीर मुदतीपर्यंतची ही सवड आहे. दुसरी, लिनक्स. तिसरी, अटी डावलून विंडोज ११ टाकणं.

तिसरीबद्दल स्पष्ट बोलतो. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून किंवा रुफससारख्या साधनाने ते होतं आणि सहाव्या पिढीवर ते चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीन्सना अपडेट्सची हमी देत नाही आणि वार्षिक व्हर्जन आपोआप येत नाही. दर दोन वर्षांच्या आत पुन्हा हाताने हाच उद्योग करावा लागेल. शिवाय मायक्रोसॉफ्टने मनात आणलं तर वाट पूर्ण बंद होते. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ आणि ‘एसएसई ४.२’ नसेल तर विंडोज बूटच होत नाही, तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. तुमच्या प्रोसेसरमध्ये ते दोन्ही आहेत, त्यामुळे आज अडणार नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी हे करायला सांगणार नाही.

मूळप्रत

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी यायला हवी. परतीची वाट तपासल्याशिवाय कोणतीही तारीख योग्य नाही.

‘बॅकअप आहे’ म्हणजे लोकांकडे बहुधा फोटो आणि कागदपत्रांची प्रत असते. ती हवीच, पण तिने मशीन पूर्वीसारखं होत नाही. त्यासाठी पूर्ण डिस्कची इमेज लागते: सगळी पार्टिशन्स, बूटचं छोटं पार्टिशनही. क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला या मोफत साधनांनी ती निघते. भरलेला डेटा १८० जीबी असेल तर इमेज दाबून साधारण १०० ते १५० च्या घरात बसेल, पण बाहेरची डिस्क मोकळ्या २५० जीबीची धरा.

इमेज घेतल्यावर अर्धंच काम झालं. पेन ड्राइव्हवरून ते साधन खरोखर बूट होतं का, त्याला तुमची एसएसडी आणि बाहेरची डिस्क दोन्ही दिसतात का, इमेज तपासण्याचा पर्याय ‘ठीक’ म्हणतो का, हे अपग्रेडच्या आधी बघा. काही लॅपटॉपवर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ मोडला असतं आणि बचाव पेन ड्राइव्हला आतली डिस्क दिसतच नाही. हे संकटात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर घ्या. ‘आमच्याकडे बिटलॉकर नाही’ असं ठामपणे म्हणू नका. होम एडिशनमध्ये तेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की कित्येक लॅपटॉपवर आपोआप चालू झालेलं असतं. बायोस अपडेट किंवा टीपीएमला हात लावण्याच्या आधी ते सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या बूटला की मागितली जाते.

विंडोजची स्वतःची परतीची सोय आहे, ‘गो बॅक’. अपग्रेडनंतर १० दिवस ती राहते, तोवर जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये असते. १० दिवसांत महिनाअखेरची कामं येतातच असं नाही, अडचण नंतर कळते. म्हणून अपग्रेड झाल्याच दिवशी मुदत वाढवा. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआयएसएम’ला ‘ऑनलाइन’, ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ आणि ‘व्हॅल्यू’ ६० असे पर्याय द्यायचे. ६० दिवस ही कमाल. आणि त्या काळात डिस्क क्लीनअपमध्ये ‘मागील विंडोज’वर खूण करू नका, ते फोल्डर गेलं की मुदत कितीही असली तरी वाट बंद.

आणखी एक बारीक पण महागात पडणारी बाब. ओएस मागे येते, काही डेटा मागे येत नाही. फोटोंची लायब्ररी, मेलचा साठा, डेटाबेस हे नव्या व्हर्जनने एकदा उघडले की आतली रचना बदलतात आणि जुनं सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नाही. त्यांची प्रत नव्या व्हर्जनने उघडण्याच्या आधीची हवी.

सफरचंदी

मूळप्रत यांचा शेवटचा मुद्दा मॅकवर सगळ्यात जास्त लागू. फोटोज ॲपची लायब्ररी एकदा पुढे गेली की जुन्या मॅकओएसमध्ये उघडत नाही. आणि मॅकला विंडोजसारखं ‘गो बॅक’ बटण नाही. मागे जायचं म्हणजे डिस्क पुसून जुनी मॅकओएस टाकायची आणि टाइम मशीनच्या जुन्या बॅकअपमधून फाइल्स आणायच्या.

पण मॅकला एक सुंदर सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. डिस्क युटिलिटीमध्ये त्याच कंटेनरात नवीन एपीएफएस व्हॉल्यूम बनवा. पार्टिशन कापावं लागत नाही, मोकळी जागा दोघांत वाटली जाते. ६० ते ८० जीबी मोकळी असेल तर नवीन मॅकओएस त्या व्हॉल्यूमवर टाका, तिथून बूट करा, प्रिंटर, ऑडिओ प्लगइन्स, व्हीपीएन सगळं आठवडाभर वापरून बघा. मूळ सिस्टीम जशीच्या तशी राहते. पटलं नाही तर व्हॉल्यूम काढून टाका. तिथे आयक्लाउड फोटो चालू करू नका, एवढं पाळा.

पलीकडच्या तारखेचं बघाल तर इंटेल मॅकवाल्यांना निर्णय लवकर घ्यावा लागेल. सप्टेंबर २०२५ ला आलेलं मॅकओएस टाहो २६ हे इंटेलवर चालणारं शेवटचं. तेही चारच मॉडेल्सवर: १६ इंची मॅकबुक प्रो २०१९, चार थंडरबोल्ट पोर्टांचा १३ इंची मॅकबुक प्रो २०२०, आयमॅक २०२० आणि मॅक प्रो २०१९. ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपवर) इंटेलची जुनी ॲप्स चालवणारं रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील असं ॲपलने जाहीर केलंय, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरतं. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘काइंड’ स्तंभ चालू करा, जिथे ‘इंटेल’ दिसेल ती तुमची अडेल सॉफ्टवेअर्स. २०१९ मध्ये कॅटलिनाने ३२-बिट ॲप्स बंद केली, तेव्हा ही यादी आधी न केलेल्यांची कामं एका रात्रीत अडली होती.

टर्मिनल

लिनक्सबद्दल. सहाव्या पिढीच्या आय५ ला आणि ८ जीबीला आजचं कोणतंही मोठं वितरण छान चालतं. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, वायफाय, आवाज, स्लीपमधून परत येणं आणि प्रिंटर बघा, मगच डिस्कवर टाका.

आता लिनक्समधलं अपग्रेड. नियम एकच: एक पायरी एका वेळी. डेबियनमध्ये व्हर्जन गाळून उडी मारता येत नाही. ११ वरून १२, मग १३. उबुंटूत एलटीएस ते एलटीएस. फेडोरा एक व्हर्जन गाळू देतं, त्यापेक्षा जास्त नाही.

डेबियनचा क्रम: चालू व्हर्जन पूर्ण अद्ययावत, बाहेरच्या रिपॉझिटरीज (सॉफ्टवेअर उतरवण्याची ठिकाणं) बंद, सोर्स यादीत नवीन नाव, मग ‘एपीटी अपडेट’, त्यानंतर ‘विदाउट-न्यू-पीकेजीएस’ लावून ‘एपीटी अपग्रेड’ आणि शेवटी ‘एपीटी फुल-अपग्रेड’. फुल-अपग्रेडने काय काढणार म्हणून दाखवलेली यादी वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणू नका. तुमचं डेस्कटॉप त्या यादीत दिसलं तर थांबा, बाहेरचं पॅकेज आड आलंय.

मोडतं काय? ‘/बूट’ वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असेल तर जुन्या कर्नल्सनी भरलेलं असतं, आधी ‘ऑटोरिमूव्ह’. पायथन बदलतं (डेबियन १२ मध्ये ३.११, १३ मध्ये ३.१३), त्यामुळे सगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधावे लागतात, पॅकेजेसची यादी आधी काढून ठेवा. पोस्टग्रेस हा डेटाबेस १५ वरून १७ ला जातो, पण डेटा आपोआप जात नाही. जुना क्लस्टर (डेटाचा साठा) तसाच राहतो, तो ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ने हलवायचा. त्याआधी जुनं पॅकेज काढलं तर डेटा वाचणारा कोणी उरत नाही. डेबियन १३ मध्ये ‘/टीएमपी’ रॅममध्ये गेलंय, रॅमच्या निम्म्यापर्यंत. तिथे मोठ्या फाइल्स टाकणाऱ्या स्क्रिप्ट्स कमी रॅमच्या मशीनवर अडतात. ३२-बिट मशीन्ससाठी १३ मध्ये इन्स्टॉलर आणि कर्नल नाही, त्यांनी १२ वरच राहावं.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुरून जोडून) करताना ‘टीमक्स’मध्ये करा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं. उबुंटूचं अपग्रेड साधन स्वतःच स्क्रीन सत्र उघडतं आणि अडीनडीला पोर्ट १०२२ वर दुसरा एसएसएच चालू करतं, फायरवॉलमध्ये ते पोर्ट मोकळं असेल तरच त्याचा उपयोग.

चालकशोधक यांच्या ‘.१’ला एक जोड. २४.०४.१ ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलं आणि २२.०४ वरून जाण्याचा मार्ग गंभीर दोष सापडल्याने काही दिवसांतच तात्पुरता बंद करावा लागला. ‘.१’ नंतरही दोन-तीन आठवडे द्या. आणि छापलेली तारीख कायमची मानू नका. सेंटओएस लिनक्स ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट अपेक्षित होता. डिसेंबर २०२० मध्ये तो ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याचं जाहीर झालं. सर्व्हरवाल्यांनी तारखा वर्षातून दोनदा तरी तपासाव्यात.

निवांत

एवढ्या भानगडींपेक्षा सरळ फॉरमॅट मारून नवीन टाकलेलं बरं नाही का? स्वच्छ काम.

चालकशोधक

स्वच्छ खरं, पण लायसन्स असलेली सगळी सॉफ्टवेअर्स पुन्हा टाकणं, सेटिंग्ज, मेल, प्रिंटर यात एक-दोन दिवस जातात. विंडोज १० ते ११ आणि त्यापुढची व्हर्जन्स वरच्यावर अपग्रेड करणं आता भरवशाचं आहे. सध्याचं मशीन धड चालत असेल तर वरच्यावर करा.

मूळप्रत

इथे थोडा मतभेद. मशीन आधीच रडत असेल, अँटिव्हायरस दोन-तीनदा बदललेला असेल, जुन्या बायोस मोडची विंडोज असेल किंवा बूट पार्टिशन अगदी लहान असेल, तर स्वच्छ इन्स्टॉल कमी वेळात होतं. बिघडलेल्या पायावरचं अपग्रेड तो बिघाड सोबत घेऊन जातं. इमेज हाताशी असली की स्वच्छ इन्स्टॉलमध्ये धोका काही उरत नाही.

चालकशोधक

मान्य. आठव्या पिढीच्या त्या लेगसी मशीनला मीही स्वच्छ इन्स्टॉलच सुचवेन, सॉफ्टवेअर्स थोडी असतील तर.

विंडोजचं अपग्रेड अर्ध्यात अडून मागे आलं तर एरर कोड लिहून ठेवा, ‘काहीतरी चुकलं’ एवढ्यावर कोणी मदत करू शकत नाही. ०एक्स-सी१९००१०१ ने सुरू होणारे कोड म्हणजे बहुतेक ड्रायव्हर: बाहेरची सगळी यूएसबी उपकरणं काढा, तिसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा. ०एक्स-८००७००७० म्हणजे जागा कमी: सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी ठेवूनच बसा. ०एक्स-सी१९००२०८ म्हणजे एखादं सॉफ्टवेअर चालत नाही, ते काढा. ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असं आलं तर बूटच्या १०० एमबीच्या पार्टिशनमध्ये १५ एमबीही मोकळे नाहीत. त्यातल्या बूटच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फाइल्स काढल्या की काम होतं, बूट मेन्यू इंग्रजी सोडून इतर काही भाषांत नीट दिसणार नाही इतकंच. कोडवरून उमगलं नाही तर मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ चालवा, ते लॉग वाचून कुठे अडलं ते सांगतं.

आणि अपग्रेडच्या आधी बायोस अद्ययावत करा. त्याला एक खास कारण आहे. सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात, विंडोजच्या बूटलोडरचं ऑक्टोबर २०२६ मध्ये. त्या दिवशी मशीन बंद पडत नाही, पण नवीन प्रमाणपत्रं न मिळालेल्या मशीनला बूटच्या भागाची सुरक्षा अपडेट्स पुढे घेता येत नाहीत. ती मासिक अपडेट्समधून येतात, काही मशीन्सवर आधी निर्मात्याचं बायोस अपडेट लागतं.

रुजुवात

एका प्रकाराबद्दल बोलायचं राहिलं. मापन यंत्र, कटिंग मशीन, प्रयोगशाळेतलं उपकरण यांना जोडलेला संगणक. तिथे यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेलं व्हर्जन हीच शेवटची ओळ, स्वतःहून अपग्रेड नाही. त्याऐवजी तो संगणक इंटरनेटपासून तोडा, फाइल्स तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्या आणि त्याच्या डिस्कची इमेज आणि शक्य तर एक सुटी डिस्क कपाटात ठेवा.

कार्यालयात वीस-तीस मशीन्स असतील तर प्रत्येक मॉडेलचं एक मशीन आधी, त्यावर एक पूर्ण महिनाअखेर जाऊ द्या, मग उरलेली.

निवांत

शेवटचं विचारतो. रात्री अपग्रेड लावून झोपलं तर चालेल का? सकाळी तयार मिळेल.

मूळप्रत

डाउनलोड आणि तयारीचा टप्पा रात्री चालू द्या, तो लांबतो आणि त्यात तुमचं काम नसतं. रीस्टार्टनंतरचा टप्पा मात्र समोर बसून करा, चार्जर लावून. बिटलॉकरची की मागितली, बायोसने बूटचा क्रम बदलला किंवा टक्केवारी एकाच आकड्यावर थांबली, तर बघायला कोणी हवं. थांबलेली दिसली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर पॉवरचं बटण दाबू नका, तास-दोन तास वाट बघा. हार्ड डिस्कच्या मशीनवर एकाच आकड्यावर चाळीस मिनिटं जाणं नेहमीचं आहे. डेस्कटॉप दिसल्यावर पहिला तास फक्त तपासणीचा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण, एक प्रिंट, एक स्कॅन, व्हीपीएन, स्लीपमधून परत येणं. मग परतीची मुदत ६० दिवस करा आणि अँटिव्हायरस वगैरे पुन्हा टाका.

शेवंती

आभार. आठव्या पिढीच्या मशीनवर पीटीटी बंदच होतं, चालू केल्यावर टीपीएम २.० दिसतंय, पण बायोस मोड लेगसी आहे आणि डिस्कवर पार्टिशन्स चार आहेत. त्यामुळे तिथे इमेज काढून स्वच्छ इन्स्टॉल. सहाव्या पिढीचं २२एच२ वर आहे, त्याची वाढीव अपडेट्सची नोंदणी करते आणि मुदतीच्या तीन महिने आधी, जुलैपर्यंत, लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लिनक्स तपासते. त्या मशीनला एक जुना स्कॅनर आहे, तो लिनक्सवर चालेल का ते आधी कुठे बघायचं?

टर्मिनल

‘सेन’ प्रकल्पाच्या साइटवर आधार असलेल्या स्कॅनर्सची यादी आहे, मॉडेल क्रमांकाने शोधा. समोर ‘कम्प्लीट’ किंवा ‘गुड’ असेल तर निर्धास्त. ‘मिनिमल’ असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ उघडून ३०० डीपीआयला एक रंगीत पान काढून बघा. ‘अनसपोर्टेड’ असेल तर स्कॅनरसाठी विंडोज १० चं मशीन नेटवर्कशिवाय ठेवा, किंवा अलीकडचा ‘एअरस्कॅन’ चालणारा स्कॅनर बघा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.